मागच्या दारचा न्हावी

दर पंधरवड्याला न्हावी मागच्या दाराने यायचा आणि गोदूबाई विहिरीपाशी पाट टाकून बसायची. नवरा गेला तेव्हा ती अठराची होती. विधवेची वेणी नवऱ्याला परलोकात बांधून ठेवते, असं सासऱ्यांनी, त्रिविक्रमरावांनी, तिला समजावलं होतं. तो सुटावा म्हणून तिने मान खाली घातली, ती बावीस वर्षं.

बासष्ट साली सासऱ्यांची धाकटी लेक वसुमती विधवा होऊन बंगळुरात बसवनगुडीच्या घरी आली. न्हावी आला तेव्हा त्रिविक्रमराव आयुष्यात पहिल्यांदा मागच्या दारी आले. वसुमतीच्या केसांना हात लावायचा नाही, आपण शास्त्र पुन्हा वाचलं, तसं काही बंधन नाही, आणि गोदूनेही आता केस वाढवावेत, असं त्यांनी सांगून टाकलं. बोलताना म्हातारा भिंतीकडे बघत होता.

गोदूबाईला आनंद झाला, खोटं कशाला बोला. वसुमती लहान होती तेव्हा तिच्या वेण्या हिनेच घातल्या होत्या. पण संतापही आला. ते सगळं खोटं होतं, तर आपण कुणाला सोडवत होतो? आणि खरं असेल, तर वसुमतीचा नवरा अडकलाच की. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. ही बाई दोन्हींत एकदमच पडली होती.

"मामंजी, तेव्हा शास्त्र कुणी वाचलं होतं?"

"मीच." ते म्हणाले, "चुकलो, गोदू. कळल्यावरही तेच धरून बसू का?"

वसुमती समोर उभी असताना धरून बसा असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? म्हातारा आत निघून गेला.

तिने वसुमतीला पायरीवर बसवलं आणि केसांचा गुंता सोडवायला घेतला. बोटं काही विसरली नव्हती.

"वैनी, अण्णा म्हणतात तर तूपण वाढव की," वसुमती म्हणाली. "स्वल्प दिवसांनी तुझीपण वेणी घालू."

गोदूबाईने पदराखालून डोक्यावर हात फिरवला. पंधरवड्याचे खुंट हाताला टोचले. आता पांढरेच यायचे ते.

"माझे काळे होते गं," ती म्हणाली.

न्हावी धोपटी उघडून तसाच बसला होता. त्याला ये म्हणावं की जा, तिला सांगता येईना.