‘काळी भरती’चं परीक्षण

मला खोटं कौतुक जमत नाही, आणि २०१८च्या ऑगस्टपर्यंत मला याचा फार अभिमान होता. तलासरीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो आणि उरलेल्या वेळात एका ऑनलाइन मासिकात मेटल संगीतावर लिहितो. आमच्या भागात असलं ऐकणारे बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे इथे माझा, म्हणजे दिपकचा, शब्द शेवटचा. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय.

त्या वर्षी किनाऱ्यावरच्या चिखले गावच्या भाविकने आपल्या बँडचा अल्बम काढला, ‘काळी भरती’. भाविक ड्रम वाजवतो, गाणी तोच रचतो आणि एरवी बापाच्या बोटीवर जातो. पावसाळ्यातल्या मासेमारीबंदीत बोटी किनाऱ्यावर चढल्या की पोरं मोकळी. ते दोन महिने त्यांनी वाणगावला ढोबळी मिरचीच्या रिकाम्या गोदामात, भिंतींना पुठ्ठ्याची खोकी ठोकून, आठ गाणी रेकॉर्ड केली. बापाची अट होती: कुठून कार्यक्रमाचं बोलावणं आलं तर ठीक, नाहीतर नारळी पौर्णिमेनंतर कायमची बोट, आणि ड्रम विकायचे. पुण्याचा एक आयोजक माझं परीक्षण वाचून ठरवणार होता. हे मला ठाऊक होतं. ‘तू खरं तेच लिही’, असं भाविकच बोलला होता.

मी खरं लिहिलं. ‘हात तयार आहेत. डबल पेडल इतकं स्वच्छ की एक ठोका दुसऱ्यावर चढत नाही. आवाज पोटातून येतो, ओरडण्याचं सोंग नाही. तिसऱ्या गाण्यात वेग अचानक निम्म्यावर येतो तेव्हा छाती दबते. पण आठही गाण्यांत स्वतःचं काही नाही. थ्रॅश मेटलची धाव अमेरिकेची, डेथ मेटलचा अंधार स्वीडनचा, सगळं नीट पाठ केलेलं. ही पोरं कुठली, ते ऐकून कळत नाही.’

आयोजकाचा नकार दोन दिवसांत आला.

रविवारी सकाळी मी चिखल्याला गेलो. भाविक बोटीला रंग देत होता. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“परीक्षण काढून टाकू का?” मी विचारलं.

“नको रे. बरोबर लिहिलंयस.” त्याने हात पुसले आणि मोबाइल काढला. “हे ऐक. पंधरा सालचं आहे. जुन्या मोबाइलमध्ये सापडलं.”

रेकॉर्डिंग फाटकं होतं. ठेका विचित्र होता. चार मोजावेत तर पाचवा मध्येच यायचा, आणि मोठा घाव एक श्वास उशिरा पडायचा. मला तो ओळखू आला. बोट वाळूवर चढवताना पंधरा-वीस माणसं दोर धरतात, एकजण हाक देतो, सगळे दम घेतात आणि मगच ओढतात. वाळू ओली असेल तर दम लांबतो. तो दम भाविकने ड्रममध्ये धरला होता आणि वरून थ्रॅशची गिटार धावत होती. असलं मी आजवर कुठे ऐकलं नव्हतं.

मग रेकॉर्डिंगमध्येच कोणीतरी त्याला थांबवलं. “चुकतोयस तू. कोळीगीत वाजवतोयस का? सरळ वाजव, एक-दोन-तीन-चार. मी दिलेल्या सीडी रोज ऐक.” मागे पोरं हसली.

तो आवाज माझा होता.

“मला आठवत नाही रे,” मी म्हणालो. खरंच आठवत नव्हतं.

“मला आठवतंय. तुला मेटलमधलं कळतं ना, म्हणून तीन वर्षं सरळ करत बसलो.” त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तो ठेका आता वाजव बघू,” मी म्हणालो.

त्याने ब्रशच्या दांड्याने रंगाच्या डब्यावर वाजवून पाहिलं. सरळ चार पडले. डोळे मिटून पुन्हा वाजवलं. परत चार. “हातात येत नाही आता,” तो म्हणाला आणि रंग द्यायला लागला.

पौर्णिमेनंतर बोट समुद्रात गेली, तिच्यावर भाविक गेला. ड्रम सायवनच्या, लग्नवरातीत वाजवणाऱ्या एका बेंजोवाल्याने नेले.

त्यांचं स्वतःचं होतं ते मीच चूक ठरवलं, एवढी एक ओळ मला परीक्षणाखाली जोडायची होती. संपादकाची हरकत नव्हती. मी ती लिहिली, दोनदा वाचली आणि पुसून टाकली. माझ्या शब्दाला मान देणारा एकुलता एक बँड तोवर बंद पडला होता, राखायला मानही उरला नव्हता, तरीही पुसली.