सैल ठेवलेले बोल्ट

तारा गुंडाळून ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या वाइंडरकाकांच्या हातचा ट्रान्सफॉर्मर गुंऽऽ करत घुमत नाही, ही गल्लीतली काळ्या दगडावरची रेघ. घुमणारा एकच, आणि तोही नेमका त्यांच्याच घरातल्या रेडिओत! लग्नाच्या वर्षी घाईघाईत केलेला. आतल्या लोखंडी कोरचे पत्रे नीट आवळलेच नव्हते. "बदलतो एकदाचा," असं काका चाळीस वर्षं म्हणत राहिले आणि बायको म्हणत राहिली, "हात तर लावून बघा!"

शेवटी एक दिवस तो जळाला. लेकीने त्याच्या जागी फेराइटच्या, म्हणजे भाजलेल्या लोहभुकटीच्या, सुपारीएवढ्या कोरवर नवा पॉवर सप्लाय करून बसवला.

"एवढ्याशाने काय होतंय? पत्र्याचा कोर घाल," काका म्हणाले.

"बाबा, इथे सेकंदाला लाखभर हेलकावे. पत्रा तव्यासारखा तापेल. घरच्या विजेच्या पन्नासला पत्रा, लाखाला फेराइट. तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवलं होतं खरं. रेडिओ झकास वाजला, पण बायको काही तो लावेना. चार दिवस झाले. काकांना हल्ली कमी ऐकू यायचं, तरी त्यांच्या ते लक्षात आलं.

"का गं, बिघडलाय का?"

"घुमत नाही तो," ती त्यांच्या कानाशी ओरडली. "तुम्ही दिवसदिवस कारखान्यात. मी स्टेशन न लावताच चालू ठेवायचे. घरात कुणीतरी आहे असं वाटायचं."

ज्या घुमण्याची काकांना चाळीस वर्षं लाज वाटली, त्यावर हिने दिवस काढले होते!

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना ट्रान्सफॉर्मर उघडला. तार जळलेली, पत्रे शाबूत. नवी तार गुंडाळली, पत्रे भरले, बोल्ट आवळले आणि रेडिओला जोडून चालू केला. बायकोने कान लावला.

"मुकाच की हो!"

"बाबा, जित्याची खोड!" लेक हसत सुटली.

हात सवयीने आवळून बसले होते. काकांनी स्विच बंद केला, पाना घेतला आणि चारही बोल्ट अर्धा फेरा सैल केले. असं काम कुणी केलं असतं तर त्याची त्यांनी बिनपाण्याने केली असती. पत्रे चिकटवून मुके करणाऱ्या वार्निशचा डबा उघडलाच नाही. स्विच लावून त्यांनी पत्र्यांवर तळहात ठेवला. बारीक थरथर लागली. ऐकू मात्र काहीच येईना.

"येतोय का आवाज?" त्यांनी विचारलं.

बायकोने डोळे मिटून होकारार्थी मान हलवली. काकांनी पाना खाली ठेवला, हात मात्र तिथेच राहू दिला.