खोटं बोललेली पाणसळ

मी पाणसळ बोलतेय. गवंडी मला नुसतं 'लेव्हल' म्हणतात. हातभर लांब पट्टी, मधोमध काचेची नळी, नळीत हिरवट पाणी आणि एक बुडबुडा. तो दोन रेघांमध्ये थांबला की माणसं निर्धास्त होतात.

दुकानातून निघाले ती थेट एका मिस्त्रींच्या पिशवीत. तीस वर्षं आम्ही भिंती उभ्या केल्या. मग मिस्त्री थकले, काम सुटलं आणि मी मागच्या दाराशी खिळ्यावर लटकले.

एके दिवशी त्यांच्या सुनेनं परसात अवजारांसाठी शेड बांधायचं ठरवलं. "बाबा, पाया मी घालते. मिस्त्री तुम्ही!" त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

कामाच्या आदल्या दिवशी मला पुसता पुसता त्यांचा हात थरथरला आणि मी पायरीवर आपटले. काच फुटली नाही, पण नळी जागची हलली. मिस्त्रींनी मला फरशीवर ठेवून पाहिलं, टोकांची अदलाबदल करून पाहिलं; बुडबुडा दर वेळी वेगळीकडे. त्यांना कळलं. इकडेतिकडे बघत त्यांनी मला परत खिळ्यावर अडकवलं. हात थरथरतो म्हटल्यावर आपल्याला बाजूला बसवतील, ही धास्ती!

सकाळी सुनेनं वीतभर माती खणली, खडी पसरून धुम्मसानं ठोकली, काँक्रीट अडवायला चारी बाजूंनी फळ्या बसवल्या. प्रत्येक फळीवर मला ठेवून ती विचारी, "बरोबर आहे ना, बाबा?"

मिस्त्री नुसतं "हं" म्हणत. मी आतल्या आत तडफडत होते.

भाड्याचा मिक्सर घरघरू लागला. पहिलं घमेलं पडलं, दहावं पडलं. ऊन चढलं, काँक्रीट आळायला लागलं. तेराव्या घमेल्याला मिस्त्री ओरडले, "थांब! बंद कर ते!"

"काय झालं?"

"लेव्हल खोटी आहे. काल माझ्या हातून पडली. मी बोललो नाही."

सुनेनं माझ्या टोकांची अदलाबदल करून मला त्याच फळीवर ठेवलं. बुडबुडा रेघ सोडून पळाला. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"चिडायला आत्ता वेळ नाही," ती म्हणाली. "काय करू, सांगा."

"पारदर्शक नळी आण, पाणी भरून. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं."

एक टोक तिनं धरलं, एक त्यांनी. त्यांच्या हातातलं पाणी डुचमळत होतं. तिनं मुकाट्यानं खुंटी ठोकली आणि ते टोक खुंटीला बांधून टाकलं. डावीकडची फळी बोटभर खाली निघाली. ती उचलून पाचर मारली, ओलं काँक्रीट फावड्यानं तिकडे ओढलं. थोडक्यात निभावलं.

संध्याकाळी हात धुताना ती म्हणाली, "हात थरथरतो ते मला कधीचं माहीत आहे, बाबा. तुमचा चहाचा कप मी अर्धाच भरते, तो काय उगाच?"

मिस्त्री हसले नाहीत. पण उठून गेलेही नाहीत.

आता मी शेडमध्ये फळीवर पडून असते. सुनेनं माझ्या अंगावर लाल रंगानं 'खोटी' लिहिलंय. तो रंग उडत चाललाय. एवढंच सांगते, शेजारपाजारचं कुणी मागायला आलं तर मला देऊ नका. खुशाल भंगारात घाला. बुडबुडा मधोमध दिसला की माणसं पुढचं काही विचारत नाहीत.