धरलेली जागा

भांडारघराची खिडकी उघडी राहिली, पावसात कागदाचे गठ्ठे भिजले आणि आळ आला नव्या टायपिस्ट पोरीवर. साहेबांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, तेव्हा जो तो आपल्या चपलांकडे पाहू लागला. टपाल पाहणाऱ्या ताई तेवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, "खिडकी हेडक्लार्कनी उघडली होती, सिगारेट ओढायला. मी पाहिलंय."

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी ताईंच्या नेहमीच्या खुर्चीवर कुणाची तरी पर्स ठेवलेली होती.

"जागा धरलीय हो," हेडक्लार्क गोड हसून म्हणाले. "आणि तुम्ही सत्यवादी माणूस, आमच्यासारख्या लबाडांत कुठे बसता?"

सगळे हसले. टायपिस्टही हसली. ती हेडक्लार्कच्या शेजारीच बसली होती.

ताईंनी कोपऱ्यातल्या स्टुलावर डबा उघडला. देवाचं नाव घेऊन पहिला घास तोंडात घातला.

ताई हात धूत असताना पोरगी जवळ आली. नळ मोठा सोडून पुटपुटली, "ताई, राग मानू नका. तुमच्याजवळ बसले तर मला तुमच्या गटातली समजतील."

"माझा गट कुठाय गं?"

पोरगी ओशाळली. "मला इथंच दिवस काढायचेत, ताई."

उद्या माझ्यावर आळ आला तर तू बोलशील का, असं ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. हिशेब मागायला का आपण खरं बोललो होतो?

"मलाही इथंच काढायचेत," एवढंच म्हणून त्या आपल्या टपालाकडे वळल्या.