सोळा दातांची, पण बिनतोंडाची

मी एक जुनी रंगपट्टी आहे, दातांच्या दवाखान्यातली. मित्रांनो, नाव ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे चित्रकलेची पेटी आली असेल, तर ती आधी बाजूला सारा. माझ्यात लाल नाही, हिरवा नाही, निळा तर मुळीच नाही. माझ्या अंगावर चिनी मातीचे सोळा दात ओळीने उभे आहेत आणि सोळाच्या सोळा पांढरे आहेत. तरी नीट पाहिलंत तर एकासारखा दुसरा सापडायचा नाही. कुणी सायीसारखा, कुणी हस्तिदंतासारखा, कुणी जुन्या पुस्तकाच्या पानासारखा पिवळट, तर कुणी ढगाळ दिवसासारखा करडा. प्रत्येकाच्या मानेवर त्याचा अंक कोरलेला आहे.

एवढे दात असून मला तोंड मात्र नाही. चावता येत नाही, याचं मला कधीच दुःख झालं नाही. बोलता येत नाही, याचं मात्र एकदा फार झालं. ते पुढे सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या बायका बारीक कुंचल्यांनी चिनी मातीचे थर एकावर एक चढवत होत्या. मग भट्टी. भट्टीतून निघालेला प्रत्येक दात मूळ नमुन्याशेजारी धरून पाहायचे आणि केसाएवढा फरक दिसला तरी टोपलीत टाकायचे. माझी निम्मी भावंडं त्या टोपलीत गेली. मी पास झाले, म्हणून तेव्हा मला थोडी मिजासही होती.

दवाखान्यात आले आणि माझं काम कळलं. कुणाचा दात मोडतो, कुणाचा किडतो. डॉक्टर त्यावर कॅप बसवतात, म्हणजे दाताला नवी टोपी घालतात. पण टोपी शेजारच्या दातांसारखी दिसायला हवी ना! म्हणून डॉक्टरबाई मला तोंडापाशी धरतात, पाच सेकंद बघतात, मग डोळ्यांना विसावा म्हणून करड्या रुमालाकडे बघतात आणि पुन्हा माझ्याकडे. असं करत करत माझ्यातला नेमका दात निवडतात.

खुर्चीत बसलेली माणसं मात्र माझ्या पहिल्या दाताकडेच बोट दाखवतात. सगळ्यात पांढऱ्या. एक पोस्टमन तर ठासून म्हणाला होता, "हाच द्या. एकदाच करायचंय, तर हात आखडता कशाला?"

"देईन की," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण शेजारचे एकतीस जण काय म्हणतील?"

एका आजोबांना वाटे, पिवळट दात म्हणजे घाणेरडे दात. डॉक्टरबाईंनी माझा नववा दात त्यांच्या दाताशेजारी धरला. "आजोबा, जसा प्रत्येकाच्या कातडीचा रंग वेगळा, तसा दाताचाही. तुमचा मुळातच असा आहे. तो स्वच्छ आहे की नाही, ते ब्रशला विचारा, रंगाला नको." आजोबा इतके खूश झाले की जाताना माझ्या नवव्या दाताला दोन बोटांनी नमस्कार करून गेले. त्या बिचाऱ्याला तोवर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

हालही झाले. एकदा मला पुसताना मदतनीस मावशींच्या हातून मी फरशीवर पडले आणि माझ्या चौदाव्या दाताचा टवका उडाला. "अगं बाई, दातवाल्यांचाच दात मोडला!" म्हणून मावशी हसल्या, पण तेव्हापासून त्या मला दोन्ही हातांनी उचलतात.

आता ती गोष्ट.

एके दिवशी एक तरुण आई आली. बरोबर तिची नणंद, आणि नणंदेच्या कडेवर अकरा महिन्यांचं गुटगुटीत बाळ. डोक्यावर मोजून दहा-बारा केस, म्हणून घरात त्याला टकलू म्हणत. आईने ओढणी नाकापर्यंत ओढून घेतली होती. ती बाजूला केली तर समोरच्या दोन मोठ्या दातांपैकी एक अर्धा गायब.

"कसा मोडला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

आईने टकलूकडे बोट दाखवलं.

"वहिनी पापा घ्यायला खाली वाकली आणि यानं उडी मारली," नणंद म्हणाली. "डोकं याचं, दात हिचा. आणि भोकाड कुणी पसरलं? यानंच!"

"हत्यार मोठं आहे खरं," डॉक्टरबाई टकलूच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या.

सगळे हसले. आईही हसली, पण तिचा हात झटकन तोंडावर गेला.

"हे बघा, हे असं," नणंद म्हणाली. "आमच्या वहिनीचं हसू चौथ्या घरात ऐकू जायचं. महिना होत आला, घर नुसतं मुकं झालंय."

आईने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. त्यावर प्रश्न लिहिले होते. एकवीस. त्यातले दोन मागच्या बाजूला.

मित्रांनो, मी पुष्कळ प्रश्न ऐकले आहेत, पण असे सुवाच्य अक्षरातले पहिल्यांदाच. बाळ अंगावर पितं, मग भुलीचं इंजेक्शन चालेल का? डॉक्टरबाई म्हणाल्या, चालेल, घरी जाऊन खुशाल पाजा. कॅप किती वर्षं टिकेल? नीट जपली तर दहा-पंधरा, पण बाटलीची झाकणं दातांनी उघडलीत तर माझी जबाबदारी नाही. कॅप घातली की आतला दात किडत नाही ना? किडतो! टोपी घातली म्हणून कुणी केस धुवायचे सोडतं का? हिरडीजवळची कड रोज घासायची.

"आणि आत्ता कॅप घातली," आईने बारावा प्रश्न वाचला, "आणि दोन वर्षांनी सगळेच दात औषधाने उजळून घेतले तर?"

"हे मात्र फार बरं केलंत विचारलंत. औषधाने तुमचे दात उजळतील, कॅप उजळणार नाही. ती जन्माची त्याच रंगाची. उजळायचे असतील तर ते आधी, मग दोन आठवडे थांबायचं आणि मग कॅपचा रंग ठरवायचा. पण बाळ पितंय तोवर मी ते औषध टाळते."

आईने क्षणभर विचार केला. "नको मग. मला माझाच दात परत हवाय. दुसरं काही नको."

मोडलेल्या दाताची नस दुखावली होती. आधी तिचे उपचार झाले. मग कॅपसाठी दाताला आकार द्यायचा दिवस आला.

आता आमच्या दवाखान्याचा एक नियम ऐका. आधी रंग, मग काम. रंग बघायचा तो पेशंट खुर्चीत टेकताच, दात ओले असताना, आणि तोही खिडकीच्या उजेडात. कारण दात हा वाळूसारखा असतो. ओली वाळू गडद दिसते ना? आणि कोरडी झाली की फिकी? तसंच. तोंड बराच वेळ उघडं राहिलं, कापसाचे बोळे लावले, वरून हवा मारली की दात कोरडे पडतात आणि आहेत त्यापेक्षा पांढरे दिसू लागतात. ओले झाले की काही वेळाने पुन्हा मूळ रंगावर येतात.

पण त्या दिवशी टकलूने बाहेर असं काही रडणं आरंभलं की दवाखाना डोक्यावर घेतला. आई खुर्चीत होती, पण तिचे दोन्ही कान दाराबाहेर. "डॉक्टर, लवकर होईल ना?" तिने तीनदा विचारलं. डॉक्टरबाईंनाही तिची तगमग बघवेना. त्यांनी लगेच काम सुरू केलं. मी ताटलीत पडून वाट पाहत राहिले. मला आत्ता उचलतील, मग उचलतील.

पाऊण तासाने काम संपलं, तेव्हा त्यांना माझी आठवण झाली. मला आईच्या तोंडापाशी धरलं आणि पाहते तर काय! तिचे दात खडूसारखे कोरडे पडले होते! आल्या दिवशी मी त्यांना पाहिलं होतं. ते माझ्या चौथ्या दाताच्या नात्यातले होते, आणि आता पहिल्यासारखे दिसत होते.

"पहिला नंबर," डॉक्टरबाई म्हणाल्या. "छान पांढरे आहेत हो दात."

'नाही! थोडं पाणी पिऊ द्या, अर्धा तास थांबा!' मी आतल्या आत ओरडले. पण ऐकणार कोण? मावशींनी मला पुसून खोक्यात ठेवलं आणि कॅप बनवणाऱ्यांकडे पहिला नंबर लिहून गेला.

दहा दिवसांनी कॅप आली. पक्की बसवण्याआधी ती नुसती लावून बघतात. डॉक्टरबाईंनी लावली आणि आरसा आईच्या हातात दिला.

आकार अगदी बरोबर होता. पण रंग! संध्याकाळी चाळीतल्या एकाच खिडकीत ट्यूबलाइट पेटावी, तशी ती कॅप दिसत होती.

आईने आरशात पाहिलं. एकवीस प्रश्न घेऊन आलेल्या त्या बाईची दातखीळ बसली. डॉक्टरांनी एवढी मेहनत घेतली, आता नको कसं म्हणायचं? "छान आहे," ती बारीक आवाजात म्हणाली. "लावून टाका."

डॉक्टरबाई मागे वळून कॅप चिकटवायचं मिश्रण तयार करू लागल्या. एकदा ती चिकटली की संपलं. पुढची पंधरा वर्षं ती खिडकी पेटलेलीच राहणार होती. माझे सोळाही दात शिवशिवत होते.

नणंदेच्या मांडीवर बसलेल्या टकलूने तेवढ्यात आईकडे पाहून "ब्बा!" केलं. आईला हसू आलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

टकलूलाही हसू आलं. आणि त्यानेही आपला चिमुकला तळवा उचलून तोंडावर ठेवला.

"बघा, कसा नक्कल करतो!" नणंद म्हणाली. "आठ दिवस झाले, हसला की हेच. मला वाटलं, दात येतायत म्हणून हात लावतोय."

आई बघतच राहिली. तिने तोंडावरचा हात खाली घेतला. टकलूने मात्र घेतला नाही. त्या इवल्याशा बोटांमागे तो हसत होता, अगदी आईसारखं झाकून.

"डॉक्टर, थांबा," आई म्हणाली. आवाज मघासारखा बारीक नव्हता. "ही कॅप बाकीच्या दातांपेक्षा पांढरी आहे का हो? की मलाच वाटतंय?"

डॉक्टरबाईंनी मिश्रण खाली ठेवलं. आईला खिडकीशी नेलं, ग्लासभर पाणी दिलं आणि मला मागवलं. पाच सेकंद माझ्याकडे बघितलं, मग करड्या रुमालाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"चौथा," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचा रंग चौथा आहे. मी त्या दिवशी कामानंतर रंग पाहिला. चूक सर्वस्वी माझी. मी दुसरी करवून घेते."

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल, उगाच खुसपटं काढते."

"एकवीस प्रश्न विचारलेत, आणि बाविसाव्याला घाबरलात?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "अहो, तोच तर सगळ्यात महत्त्वाचा होता. दात तुमच्या तोंडात राहायचाय, माझ्या नाही."

आठवड्याने नवी कॅप आली. या वेळी आई खुर्चीत टेकताच मला तिच्या दातांशी धरून पुन्हा खात्री केली, मग कॅप लावून पाहिली आणि पक्की बसवली. डॉक्टरबाईंनी नणंदेला पुढे बोलावलं. "ओळखा बघू, नवा कोणता?"

नणंदेने डोळे बारीक केले. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग ठामपणे बोट ठेवलं. चुकीच्या दातावर!

"अहो, तो माझा जन्माचा आहे!" आई म्हणाली, आणि ती अशी हसली, अशी हसली, की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले. मावशींच्या हातातला कापूस खाली पडला. दोन महिने तुंबलेलं हसू होतं ते, लगेच थांबणार कसं?

टकलू टक लावून तिच्याकडे बघत होता. त्याने हात वर उचलला. आईचं हसू जागच्या जागी अडलं. पण तो हात स्वतःच्या तोंडाकडे गेलाच नाही. त्याने पुढे झुकून आईच्याच तोंडात बोट घातलं, नव्या दातावर टकटक केलं आणि खिंकाळल्यासारखा हसला, तोंड पार उघडं टाकून! आईने त्याला छातीशी धरलं. डोकं मात्र या वेळी नीट बाजूला वळवून.

"हसतील त्यांचे दात दिसतील," मावशी म्हणाल्या. "आणि याचे तर चारच आहेत!"

डॉक्टरबाईंनी गंमत म्हणून माझा सगळ्यात पांढरा दात टकलूच्या दातांपाशी धरला. कारखान्यात पास झालेला, पोस्टमनला हवाहवासा वाटलेला माझा पहिला नंबर त्या चार दुधाच्या दातांपुढे चक्क पिवळा दिसला. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. अंक पुसट झालेत. तुमच्याकडे माझं मागणं फार मोठं नाही. सकाळी आणि झोपताना दात घासा. खेळताना दात मोडलाच तर घरी लपवू नका आणि तुकडा सापडला तर तो दुधात घालून लगेच दवाखान्यात आणा, कधीकधी तोच परत बसवता येतो. आणि तुमच्या घरात कुणी तोंडावर हात ठेवून हसत असेल, आई असो, आजोबा असोत की मोठी ताई, तर चिडवू नका. जवळ बसून विचारा, काय झालंय? मग त्यांचा तोच हात धरा आणि त्यांना इकडे घेऊन या. खिडकीजवळची खुर्ची रिकामीच असते.