माझ्या मयतीत आलेलं तिकीट

ही गोष्ट तुम्ही खरी मानणार नाही, हे मी आधीच बाँडवर लिहून द्यायला तयार आहे. शंभराचा बाँड आता बंद झालाय म्हणतात, तर पाचशेचा आणा. त्यावर मी, धोंडप्पा, राहणार देवणी, धंदा सरकी-पेंडीचं दुकान, वय वर्षं त्र्याहत्तर, असं लिहून देतो की परवाच्या विधानसभेला मी अर्धा दिवस मेलो होतो, आणि मेलेला असतानाच मला पक्षाचं तिकीट मिळालं.

काल दुकानात हेच सांगायला लागलो तर पहिल्याच वाक्याला सगळे हसले. तालुकाध्यक्ष केरबा होता, संगप्पा होता, आनंदराज वकील कोपऱ्यातल्या पोत्यावर बसून पेपर वाचत होता. मी म्हणालो, हसा, पण शेवटपर्यंत थांबा. ते थांबले. तुम्हीही थांबा.

मतदारसंघाचं नाव मी सांगणार नाही, पक्षाचं तर नाहीच. अर्ज भरायचा शेवटचा दिवस. दुपारी तीनपर्यंत मुदत, आणि सकाळी आठ वाजता आमच्या पक्षाला उमेदवार नाही. म्हणजे नव्हता असं नाही, दोन होते, तेच तर दुखणं. एक रुद्रेश. उदगीरचा, रस्त्यांची कंत्राटं घेणारा, सात पांढऱ्या गाड्यांचा मालक, आणि प्रत्येक गाडीवर त्याचा फोटो एवढा मोठा की ड्रायव्हरला त्याच्या नाकातल्या भोकातून रस्ता बघावा लागायचा. दुसरा आमचा आनंदराज. बावीस वर्षं पक्षात. सतरंज्या उचलण्यापासून सुरुवात केली, आता सतरंज्या कुणी उचलायच्या यावरून भांडण झालं तर ते मिटवतो आणि शेवटी स्वतःच उचलतो.

सगळे म्हणायचे, माणूस सोन्यासारखा आहे, पण राखीव नसलेल्या जागेवर बौद्धाच्या पोराला तिकीट कोण देतं? आम्हाला काही नाही हो, लोक काय म्हणतील? हे लोक कोण, ते बावीस वर्षांत कुणाला भेटलेले नाहीत.

मला मात्र आनंदराजच पाहिजे होता. त्याच्या आईला, सरजाबाईला, मी त्यांच्या अंगणात उभं राहून शब्द दिला होता की या वेळी तिकीट तुझ्या पोरालाच, नाहीतर धोंडप्पा नाव लावणार नाही. ती म्हातारी फार बोलत नाही. तिनं फक्त माझ्याकडं बघितलं आणि मला दुसरा चहा दिला. दुसरा चहा दिल्यावर माणूस बांधला जातो.

तर सकाळी आठला कमिटी माझ्याच दुकानात बसली. मुंबईचे निरीक्षक साहेब नांदेडला विमानातून उतरून बारापर्यंत पोचणार होते. त्यांच्या बॅगेत पक्षाचा एबी फॉर्म, नावाची जागा कोरी. कमिटीनं एकच नाव सांगायचं आणि त्यांनी ते लिहायचं. साडेनऊपर्यंत अकरा जणांनी चौदा मतं मांडली. कुणी गाड्या मोजल्या, कुणी पाहुणे मोजले. संगप्पा म्हणाला, चिठ्ठ्या टाका. चिठ्ठ्या टाकल्या तर दोन्ही चिठ्ठ्यांवर संगप्पाचंच नाव निघालं. 

तेव्हा केरबानं चहात बुडालेलं बिस्कीट बोटानं काढलं आणि त्याच्या आयुष्यातली एकमेव शहाणपणाची गोष्ट बोलला. लग्नात सगळेच येतात म्हणाला, तिथं जेवण असतं. उमेदवार पारखायचा तर मयतीत पारखावा. कोण किती लवकर येतो, कोण किती वेळ थांबतो, कोण खांदा देतो आणि कोण नुसता फोटो देतो.

हे सगळ्यांना पटलं. अडचण एकच होती. त्या दिवशी तालुक्यात कुणी मेलेलं नव्हतं. संगप्पानं गावोगाव फोन लावले. वलांडीला एक म्हातारा सिरीयस असल्याचं कळलं, पण त्याच्या पोरानं सांगितलं की बापानं आताच दोन भाकरी खाल्ल्यात, तुम्ही भरवसा धरू नका.

मग हळूहळू सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"आप्पा," केरबा म्हणाला, "पक्षासाठी दोन तास."

मी पक्षासाठी उपाशी बसलोय. जेलात गेलोय, चार तास, पोलिसांनी पोहे दिले होते. मरायचं तेवढं राहिलं होतं. आणि खरं सांगतो, माझ्या डोक्यात दुसराच हिशेब होता. मयतीच्या परीक्षेत आनंदराज नापास होणं शक्यच नव्हतं. मी हो म्हणालो.

आता आमच्या लिंगायतांत मयताला आडवं करत नाहीत. आंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, हार घालतात आणि बसवतात. बसलेलाच मिरवत नेतात, बसलेलाच पुरतात. त्यामुळं दुकानापुढं मांडव टाकून मला खुर्चीत बसवलं. पाठीला पेंडीचं पोतं, अंगावर पांढरंशुभ्र धोतर, गळ्यात झेंडूचे तीन हार. विभूती लावायला आमच्या पार्वतम्माला बोलावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि अटी सांगितल्या. ती रडणार नाही. कुंकू पुसणार नाही. आणि आमटी चुलीवर आहे, तेव्हा काय मरायचं ते बारापर्यंत मरा, नंतर साकु. साकु म्हणजे पुरे. तिच्या माहेरी, भालकीकडं, भांडण संपवायचं असलं की हा शब्द काढतात.

संगप्पानं ग्रुपवर माझा फोटो टाकला आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली. पाच मिनिटांत एकशे चाळीस हात जोडलेले आले. त्यातल्या निम्म्यांनी जिवंतपणी मला कधी रामराम केला नव्हता.

पहिला आला आनंदराज. उदगीरच्या कोर्टापासून देवणी तीसेक किलोमीटर, नऊ मिनिटांत, स्कूटरवर, अंगात कोर्टाचा काळा कोट तसाच. आल्या आल्या त्यानं काय केलं? भाषण नाही. बायकांसाठी सावलीत सतरंजी टाकली, पिण्याच्या पाण्याचे जार मागवले, पार्वतम्माला विचारलं, काकू, काही खाल्लं का. मग माझ्या शेजारी बसला आणि माझा हात हातात घेतला. माझा हात गरम होता. त्याला वाटलं, ऊब त्याच्याच हाताची आहे. मी डोळे मिटून मनात म्हणालो, सरजाबाई, पोरगा पास.

रुद्रेश साडेदहाला आला. सात गाड्या, मागं फोटोवाला, वर ड्रोन. पाया पडला, मोठ्यानं रडला, नीट आलं नाही म्हणून पुन्हा एकदा रडला. ड्रोन खाली आला तसा त्याच्या वाऱ्यानं माझ्या कपाळाची निम्मी विभूती उडून केरबाच्या मिशीत गेली. एवढ्यात अकरा वाजले. आता चाळीस वर्षं अकराला मला चहा लागतो. पार्वतम्मा सवयीनं कप घेऊन बाहेर आली आणि माझ्यापुढं ठेवून आत गेली. ते बघून अख्खा मांडव हुंदके द्यायला लागला. आल्याचा वास माझ्या नाकात. मी मेलेलो. आणि रडून रडून घसा कोरडा पडलेल्या रुद्रेशनं तो कप उचलला आणि पिऊन टाकला. मयताचा चहा. केरबानं तिथल्या तिथं त्याच्या नावापुढं शून्य मांडलं.

झालं होतं काम. बारा वाजता साहेब आले की आनंदराजचं नाव सांगायचं, मी उठायचं, आमटी खायची.

साहेब पावणेबारालाच आले. मोटारीतून उतरले आणि जागीच थांबले. साहेब समुद्राकाठचे. आमच्याकडचं मयत त्यांनी जन्मात बघितलेलं नव्हतं. त्यांना दिसलं काय? मांडव. तीन हजार माणूस. मधोमध हार घातलेला, कपाळाला भस्म लावलेला, डोळे मिटून शांत बसलेला एक म्हातारा. आणि एकेक जण रांगेत येऊन त्याच्या पाया पडतोय.

"हे कोण?" साहेबांनी केरबाला विचारलं.

केरबाची बोबडी वळली. "धोंडप्पा, साहेब. पक्षातले सगळ्यात जुने."

"बोलत नाहीत?"

"न्हाई साहेब. आता न्हाई बोलत."

"तिकीट मागितलं नाही त्यांनी?"

"आता काय मागतेत, साहेब."

साहेबांचे डोळे भरून आले. म्हणाले, मी अठरा मतदारसंघ फिरून आलो. सगळीकडं लोकांनी माझा शर्ट ओढला. न मागणारा माणूस आज बघितला. त्यांनी तिथूनच मुंबईला फोन लावला. वरून विचारणा झाली की विरोध किती आहे. साहेब म्हणाले, विरोधच नाही, विरोधकही पाया पडून रडताहेत. केरबा मधे बोलायला गेला, तर साहेबांनी बोट वर केलं. बॅग उघडली, एबी फॉर्म काढला, त्यावर माझं नाव लिहिलं, सही ठोकली आणि कागद अलगद माझ्या मांडीवर ठेवला.

मी एक पापणी किलकिली करून बघितलं. माझंच नाव. सरजाबाईचा दुसरा चहा आठवला आणि मी पापणी पुन्हा मिटली.

उठावं तर मी उमेदवार, आनंदराज संपला. न उठावं तर कागद वाया, आनंदराज तरीही संपला. हा विचार चालू असतानाच हलगीवाले आणि भजनी मंडळ आलं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे खोटं आहे. त्यांनी रीतीप्रमाणं मला फुलांनी सजवलेल्या विमानात बसवलं. विमान म्हणजे उडणारं नव्हे, चौघांनी खांद्यावर घ्यायची लाकडी पालखी. टाळ वाजले, हलगी कडाडली, गुलाल उडाला. साहेबांना वाटलं, उमेदवार अर्ज भरायला निघाला. ते स्वतः पुढं झाले आणि तहसील कचेरीकडं हात केला. भजनी मंडळाची काही हरकत नव्हती, स्मशानाचा रस्ता तिकडूनच जातो.

पुढच्या उजव्या खांद्याला आनंदराज होता. डाव्याला केरबा, मागं संगप्पा आणि त्याचा मेहुणा. रुद्रेशनंही खांदा दिला होता, पण फोटो निघाल्यावर सोडला. वरून मला आनंदराजचा घामानं भिजलेला कोट दिसत होता. ज्या कागदासाठी त्यानं बावीस वर्षं सतरंज्या उचलल्या तो कागद माझ्या मांडीवर, आणि मला तोच उचलून चाललाय. मला मेल्यासारखं झालं.

कचेरीच्या दाराशी पोलिसानं अडवलं. आत उमेदवार आणि सोबत फक्त चार माणसं. मोजलं तर मी आणि मला उचलणारे चार. बरोबर झालं. विमानासकट आत घेतलं. चौकाचौकात थांबून भजन म्हणत आलो होतो, घड्याळात तीनला सहा मिनिटं कमी. अधिकाऱ्यानं कागद बघितले, मान डोलावली आणि म्हणाला, उमेदवारानं शपथ घ्यावी.

पंखा गरगरत होता. केरबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

तेव्हा मी डोळे उघडले. संगप्पाच्या मेहुण्यानं खांदा सोडला, म्हणून विमान एका बाजूला कलंडलं आणि मी टेबलाच्या उंचीवर आलो, ते बरंच झालं. मी अधिकाऱ्याला शांतपणे सांगितलं, "साहेब, मी मयत आहे. शपथ घेता येणार नाही. पण या कागदावर पर्यायी उमेदवाराची एक जागा असते. पेन द्या."

त्यानं पेन दिलं. मी त्या जागेवर आनंदराजचं नाव लिहिलं, आईच्या नावासकट. अधिकारी कायद्याचा माणूस. त्यानं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि शेरा मारला: मुख्य उमेदवार मयत, समक्ष खात्री केली, त्यांनी स्वतः तसे सांगितले. सबब पर्यायी उमेदवाराचा अर्ज स्वीकारला. तीनला एक मिनिट कमी असताना आनंदराजनं शपथ घेतली. बाहेर आलो तर भजनी मंडळानं मला उतरवलं आणि त्याला विमानात चढवलं. गर्दीत सरजाबाई उभी होती. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, एवढीच. धोंडप्पाचा शब्द खरा झाला.

एवढं सांगून मी दुकानात सगळ्यांकडं बघितलं. संगप्पाचं तोंड उघडंच होतं. केरबा मिशीवर हात फिरवत होता, जणू विभूती अजून तिथंच आहे. मी म्हणालो, खोटं वाटत असेल तर विचारा, आनंदराज इथंच बसलाय.

आनंदराजनं पेपरची घडी घातली. आवाज चढवला नाही, पण रस्त्यापलीकडच्या हॉटेलातल्या माणसांनीसुद्धा माना वळवल्या.

"खोटं हाय आप्पा. फॉर्मवर रुद्रेशचं नाव होतं. मी अर्ज भरलाच न्हाई, त्या दिवशी घरी बसून होतो. अन् रुद्रेश अर्ज भरायला निघाला तेव्हा पहिल्या गाडीत, पुढच्या सीटवर, गळ्यात हार घालून कोण बसलं होतं, ते माझ्या आईनं रस्त्यावर उभं राहून बघितलंय."