माझा उरलेला पाव हिस्सा

मी कोबाल्ट. करंगळीच्या पेराएवढ्या पोलादी नळीत बंद आहे. माझे अणू आपोआप फुटत राहतात आणि डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर पडतात. सव्वापाच वर्षांत माझा जोर निम्मा होतो, पुढच्या सव्वापाचात उरलेल्याचा निम्मा. हे बारावीच्या पुस्तकात छापलेले आहे. ज्याने वाचायला हवे होते त्याने वाचले नाही, म्हणून मला बोलावे लागतेय.

अणुभट्टीतून मी थेट भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात आलो. लोखंडी ओतकामात पोकळी राहिली की माझे किरण ती दाखवत. मुक्काम शिशाच्या जाड डब्यात. वर पिवळ्या रंगात तीन पाकळ्यांची धोक्याची खूण. मला बाहेर काढताना माणसे लांब जाऊन उभी राहत.

मग कारखाना बंद पडला. भंगार काढायची वेळ आली तेव्हा मला साडेदहा वर्षे झाली होती. सुरक्षा अधिकाऱ्याने खुर्चीतूनच हिशेब केला: सव्वापाच वर्षांत अर्धा, पुढच्या सव्वापाचात दुसरा अर्धा, संपला. कागदावर 'निष्क्रिय' असे लिहून त्याने मला डब्यासकट विजेच्या जुन्या मोटारींच्या ढिगात ढकलले. मला नियमाप्रमाणे परत पाठवायचा त्याचा त्रास वाचला.

तो ढीग ज्या भंगाराच्या गोदामात गेला तिथे मंगरू फोडायचे काम करी; त्याची बायको वच्छला निवडायचे. मंगरूला डब्यावरची ती खूण पंख्याच्या पात्यांसारखी दिसली.

"पंख्याची मोटर हाय वो. तांब्याची तार निंगन," तो म्हणाला.

"तार निंगो का नको, बोट नको फोडू," वच्छला म्हणाली.

छिन्नीखाली शिसे उकलले. तार नव्हती, मी होतो. हा कोणता धातू, हे विचारायला त्याने मला पँटच्या खिशात टाकून पितळेच्या दुकानात नेले. दुकानदाराने तळहातावर तोलले, पितळ नाही म्हणाला आणि परत दिले. दुपार टळेपर्यंत मी मंगरूच्या मांडीला चिकटून होतो. मग त्याला उलट्या सुरू झाल्या. मला गोदामातल्या एका टिनात टाकून तो घरी गेला. वच्छलाने सकाळच्या शिळ्या भाजीला दोष दिला.

आठवड्यात मांडीची कातडी काळी पडून सुटली. नागपूरच्या डॉक्टरांनी विचारले, खिशात काय होते? मंगरूने पंख्याचे सांगितले. त्याची मुलगी रुचिता बारावी सायन्सला. तिने वहीत तीन पाकळ्या काढून बापाला दाखवल्या. हीच ती खूण, म्हणून त्याने मान डोलावली.

डबा कुठून आला ते गोदामात विचारून ती कारखान्याच्या त्या सुरक्षा अधिकाऱ्याच्या घरी गेली. त्याने तिलाही तोच हिशेब ऐकवला, वर वीस वर्षांच्या नोकरीचा दाखला दिला.

"अर्ध्याचं अर्धं गेलं का पाव उरते नं जी," ती म्हणाली. "त्या पावानं माह्या बापाची मांडी जाळली."

त्याने दार लावून घेतले. तिने पोलिसांत कळवले तेव्हा किरण मोजायचे यंत्र घेऊन माणसे आली, गोदाम रिकामे केले आणि लांब चिमट्याने मला उचलले. मंगरू बेचाळिसाव्या दिवशी गेला.

मी आता काँक्रीटखाली आहे, अजून फुटतो आहे. चौकशीच्या अहवालात कारण दिले आहे: 'मयत कामगाराचा निष्काळजीपणा'. 'निष्क्रिय' लिहिणाऱ्याचे त्यात नावही नाही. अहवाल मान्य असल्याची सही घ्यायला कारकून कागद घेऊन घरी आला तेव्हा वच्छलाने ती ओळ रुचिताकडून दोनदा वाचून घेतली आणि पेन परत केला. तिने सही केलेली नाही. तुमच्यापुढे तो कागद आला तर तुम्हीही करू नका.